देवाच्या फोटोमागची चिठ्ठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देते.

"डॉक्टरताई, मला या कामाला एकोणीस वर्षं झाली. आजवर माझ्या अंगणवाडीतून कमी वजनाच्या, हृदयाला छिद्र असलेल्या, ओठ फाटलेल्या मुलांना चिठ्ठ्या गेल्या. यंदा तपासणीच्या पथकानं एकदम दोघांना 'ऑटिझमची शंका' लिहून जिल्ह्याच्या तपासणी केंद्राची चिठ्ठी दिली. एक मुलगा साडेतीन वर्षांचा. बोलत नाही. पाणी पाहिजे असलं की माझं मनगट धरून माठापाशी नेतो आणि माझा हात झाकणावर ठेवतो. तान्ह्या पोळ्याला सगळी लेकरं लाकडी बैल ओढत दारोदार गेली, यानं बैल उलटा केला आणि दुपारभर चाक फिरवत बसला. हे मीच पथकाला सांगितलं. आता त्याची आजी मला रस्त्यात अडवून म्हणते, 'माह्या नातवाले येडं ठरोलं तुनं. याचा बाप बी चार वर्साचा झाल्यावरच बोलला होता.' दुसरी मुलगी चार वर्षांची, एकदम शांत, कुणाला त्रास नाही. तिला चिठ्ठी कशाला दिली ते मलाच कळलं नाही. तिच्या आईनं चिठ्ठी देवाच्या फोटोमागं ठेवून दिली आहे. गावात कुणी म्हणतं इंजेक्शनानं होतं, कुणी म्हणतं मोबाइलनं. आजूबाजूच्या गावच्या सेविकाही सांगतात, आमच्याकडं अशा चिठ्ठ्या वाढल्या. आधी हे नव्हतं, मग आता कुठून आलं? आणि मी सांगितलं ते चुकलं का?"

सेविकाताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं काहीच चुकलं नाही. पथक सकाळी येतं, वजनं-उंची, दात, डोळे, कान बघून पुढच्या गावाला निघतं. त्या गडबडीत अनोळखी माणसांपुढं न बोलणारं साडेतीन वर्षांचं लेकरू सगळ्यांना लाजाळूच वाटतं. रोज त्याच्यासोबत असणाऱ्या बाईनं सांगितल्याशिवाय कळायचं कसं? आणि तुम्ही जे पाहिलंत, ते फार नेमकं पाहिलंत.

त्या मनगटाबद्दल सांगते. बोलता न येणारं दीड वर्षाचं मूलही तहान लागली की माठाकडं बोट करतं, मग तुमच्याकडं बघतं, पुन्हा माठाकडं, पुन्हा तुमच्याकडं. "दे ना" हा शब्द नसला तरी त्या बोटात आणि नजरेत सगळं बोलणं झालेलं असतं. हा मुलगा तुमच्या तोंडाकडं बघत नाही. तुमचा हात उचलतो आणि ओगराळ्यासारखा वापरतो. तहान त्याला कळते, पाणी कुठं आहे तेही कळतं, पण समोरच्या माणसाला आपल्या मनातलं सांगता येतं, ही वाट त्याला अजून सापडलेली नाही. चाकाचंही तसंच. चाक कुठल्याही मुलाला आवडतं, पण बैल ओढून दुसऱ्याला दाखवण्यातली गंमत सोडून दुपारभर फक्त चाक फिरवणं, याची नोंद घ्यायलाच हवी होती. एवढ्यावरून त्याला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, आहे असं मी म्हणणार नाही, कुणी डॉक्टरनंही म्हणू नये. तपासणी मात्र व्हायलाच पाहिजे.

"आधी हे नव्हतं" यावर मी तुमच्याजवळ एक कबुली देते. १९९७ साली मी विदर्भातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात होते. एका शेतमजुरानं सात वर्षांच्या मुलीला सायकलच्या दांडीवर बसवून आणलं. ती माझ्या टेबलावरची केसपेपरची चळत उचलायची, चारी कडा जुळवायची, खाली ठेवायची, परत उचलायची. हाक मारली तर वळून बघेना. बापानं सांगितलं, घरी गाईचं नाव घेते, आईला मात्र हाक मारत नाही. मी दहा मिनिटांत 'मतिमंद' असं लिहिलं, टॉनिकची बाटली दिली आणि पाठवून दिलं. ती स्वमग्न होती, हे मला बऱ्याच वर्षांनी, स्वतः शिकल्यावर कळलं. तोवर तिचं शिकायचं वय निघून गेलं होतं. त्या दिवसाच्या नोंदवहीत ऑटिझमचा एकही रुग्ण नाही, मूल मात्र माझ्यासमोर बसलेलं होतं.

आजचा आकडा वाढलेला दिसतो तो बराचसा इथून. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण गावच्या दवाखान्यापर्यंत पोचली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रकार एकवीस केले, त्यात तिचं नाव स्पष्ट आलं, आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो कायदा लागू झाला. त्याआधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, आपल्याच राज्यातल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तुमच्याकडं वर्षातून दोनदा येणारं पथक त्यातलंच. त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता आहे. त्याच वर्षी डॉक्टरांचे निदानाचे निकषही बदलले आणि पूर्वी वेगवेगळ्या नावांनी ओळखली जाणारी मुलं एका नावाखाली आली. मग कोरोना आला. अंगणवाड्या बंद, पथकातली माणसं कोविडच्या कामाला. त्या काळात तान्ही असलेली मुलं वेळेवर कुणाच्या नजरेखालून गेलीच नाहीत, ती पुढं तीन-चार वर्षांची होऊन एकदम समोर आली. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी केंद्र सरकारनं कार्यपद्धती ठरवून दिली, त्यात अशी मुलं ओळखायचं काम थेट तुमच्याकडं आलं. बघणारे डोळे वाढले, लिहायला रकाना मिळाला. मग चिठ्ठ्या वाढणारच.

हे आपल्याकडंच झालं असंही नाही. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांची मोजणी होते. २००० साली तिथं १५० मुलांमागं एक निघालं, २०२२ च्या मोजणीत ३१ मागं एक. डेन्मार्कमध्ये १९८० ते १९९१ या काळात जन्मलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. तिथं १९९४ मध्ये निदानाचे निकष बदलले होते, आणि १९९५ पासून ओपीडीत झालेली निदानंही मोजायला लागले होते. वाढीतला साधारण ६० टक्के वाटा या दोन बदलांचाच निघाला. उरलेल्या भागात थोडी खरी वाढ असू शकते, हे मी नाकारत नाही. पूर्वी फार लवकर जन्मलेली, किलो-सव्वा किलोची बाळं हाती लागत नसत. आता जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ती जगतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अशा बाळांमध्ये विकासाच्या अडचणी जास्त दिसतात, स्वमग्नताही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज १२७ माणसांमागं एक असा आहे. आता तुमच्या एकोणीस वर्षांत त्या ओट्यावर किती मुलं बसून गेली ते आठवा. कुणाला गावानं 'भोळा' म्हटलं असेल, कुणाला 'मुका', कुणाच्या दंडाला भगताचा दोरा बांधला असेल.

इंजेक्शनाचं गावाला नीट सांगावं लागेल, कारण या बोलण्यानं लसीकरणाच्या दिवशी तुमचा ओटा रिकामा राहील. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. मूल बोलत नाही, हाकेला वळत नाही, हे आईबापाच्या लक्षात यायचं वयही नेमकं तेच. पोळ्याच्या दिवशी पाऊस आला तर तो बैलांनी आणला असं कुणी म्हणत नाही, तसंच हे आहे. ही अफवा १९९८ साली विलायतेतल्या एका लेखातून निघाली. त्यात मुलं होती अवघी बारा. तो लेख चुकीचा आणि खोटा निघाला, २०१० मध्ये मासिकानं मागं घेतला, लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव तिथल्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकलं. पुढं २०१९ मध्ये डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा हिशेब झाला: लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक नाही. गोवरानं मात्र मूल दगावतं, हे तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी पाहिलेलं आहे.

मोबाइलचं थोडं वेगळं. मोबाइलनं स्वमग्नता होते असं मी म्हणणार नाही. पण दिवसभर मोबाइलपुढं बसलेल्या मुलाशी कुणी बोलत नाही, आणि बोललं गेलं नाही तर बोलणं मागं पडतं. दोन वर्षांपर्यंत मोबाइल नकोच, पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या आत. हे घरात सांगा, पण आईला एकटीला बाजूला घेऊन सांगू नका. गावात "मोबाइलनं झालं" याचा अर्थ "आईनं केलं" असा होतो, आणि मग त्या बाईला सासरी उठता-बसता ऐकावं लागतं. एके काळी मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईच्या थंड वागण्यानं स्वमग्नता होते असं लिहीत. ते साफ चूक होतं. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या अभ्यासात या स्थितीमागं साधारण ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसला.

म्हणजे आजी जे म्हणते, बाप उशिरा बोलला, ते खरं मानून चाला. आजीला खोटं पाडायला जाऊ नका. उशिरा बोलून पुढं व्यवस्थित झालेली मुलं असतात, तिचा मुलगा त्यातला असेल. नातू त्यातलाच आहे की नाही, हे घरात बसून कळत नाही, एवढंच. घराण्यात कुणी उशिरा बोललेलं असेल तर डॉक्टर ते मुद्दाम लिहून घेतात. म्हणून आजीलाच सोबत चला म्हणावं. "आजी, तुम्हाला बापाचंही लहानपण आठवते, डॉक्टरले तुमच्याशिवाय कोन सांगन?" अशा बोलण्यानं बंद झालेलं दार उघडतं, हा माझा अनुभव आहे.

घरी जाल तेव्हा 'ऑटिझम' हा शब्द तुम्ही उच्चारू नका. निदान करणं तुमचं काम नाही, आणि एकदा तो शब्द पडला की पुढचं कुणी ऐकत नाही. काय पाहिलंत ते सांगा: मनगट, माठ, बैलाचं चाक. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. कोणत्या महिन्यात मुलानं काय करावं याची चित्रं त्यात आहेत, ती आईबापाला स्वतः बघू द्या. बाप वावरातून आल्यावर, संध्याकाळी जा. आशाताईला बरोबर घ्या. आणि पहिलं वाक्य असं टाका: "याचे कान तपासून आणू." यात लपवाछपवी काही नाही, केंद्रात पहिली तपासणी खरंच कानांची होते. ऐकू न येणारं मूलही बोलत नाही, हाकेला वळत नाही. मुलाला झोपवून, डोक्याला तारा लावून 'बेरा' नावाची तपासणी करतात, दुखत नाही. कान चांगले निघाले की मग बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचार करणारे त्याला बघतात, आईला प्रश्न विचारतात, त्याच्याशी खेळतात. रक्त तपासून किंवा डोक्याचा फोटो काढून स्वमग्नता कळत नाही. कुणी त्यासाठी महागड्या तपासण्या लिहून दिल्या तर का, ते विचारा.

आता त्या शांत मुलीबद्दल. तुमच्या पत्रातली ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: "कुणाला त्रास नाही." ताई, मुली अशाच सुटतात. मुलग्यांमध्ये निदान तिपटी-चौपटीनं जास्त होतं, त्यामागं एक कारण हेही आहे की मुलगी गप्प कोपऱ्यात बसली तर घर आणि अंगणवाडी दोघंही तिला शहाणी म्हणतात. ती इतर मुलींचं बघून-बघून तसंच करते, रांगेत उभी राहते, डबा उघडते. पथकातल्या कुणीतरी तिच्यापाशी थांबून बघितलं, याचं मला फार बरं वाटलं. तुम्ही पुढचे आठ दिवस तिच्याकडं लक्ष द्या. स्वतःहून कुणाजवळ जाते का? आपली वस्तू दुसऱ्याला आणून दाखवते का? खोटा-खोटा स्वयंपाक खेळते, की नुसती भांडी एका रांगेत लावते? खिचडीच्या शिट्टीला, डीजेला कान झाकते का? वहीत तारीख टाकून चार-चार ओळी लिहा आणि ती वही आईसोबत केंद्रात पाठवा. तुमच्या त्या आठ पानांचा तिथल्या माणसांना फार उपयोग होईल.

चिठ्ठी मिळूनही लोक केंद्रापर्यंत का पोचत नाहीत, ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. दोन ठिकाणी गाडी बदलायची, मूल गर्दीत किंचाळतं, सगळी एसटी वळून बघते. कापूस वेचणीच्या दिवसांत दोघांची मजुरी बुडते. एवढं करून गेलं तर कळतं, आज मॅडम रजेवर. केंद्रातली सगळी पदं भरलेली असतातच असं नाही, ही आपल्या भागाची दुखती जागा आहे, आणि याबद्दल तुम्ही-मी सगळ्यांनी तक्रार करत राहिलं पाहिजे. म्हणून निघण्याआधी पथकातल्या डॉक्टरांकडून केंद्राचा फोन घ्या, कोणत्या वारी कोण असतं ते विचारा, पथकाच्या गाडीतून मुलांना न्यायची सोय होते का तेही विचारा. दोन्ही घरं एकाच दिवशी निघाली तर आणखी चांगलं. जिल्ह्यात काम झालं नाही तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं मेडिकल किंवा एम्स आहे.

निदान झालंच तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढायला लावा. आईबाप म्हणतील, पोराच्या कपाळावर कायमचं लिहिलं जाईल. त्यांना सांगा, या कागदावर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना मिळते, एक लाखापर्यंत, त्यात उपचाराच्या थेरपीचाही खर्च बसतो. शाळेत गेल्यावर गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाची मदत मागता येते.

एक धोका आताच सांगून ठेवते. निदानाची बातमी फुटली की कुणीतरी शहरातल्या स्टेमसेलच्या, म्हणजे मूळपेशींच्या, इंजेक्शनाचा पत्ता देईल. लाखो रुपये सांगतात. लोकांनी यासाठी वावर गहाण टाकलेलं मी पाहिलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत स्वमग्नतेसाठी या उपचाराला मान्यता नाही. कुणी जिभेखालचा पडदा कापायला सांगेल, कुणी वेखंड चाटवायला. त्यानं ही अडचण सुटत नाही. स्वमग्नता औषधानं जात नाही. मूल शिकतं मात्र, आणि जितक्या लवकर शिकवायला लागू तितकं जास्त शिकतं.

शिकवणं तारखेपर्यंत थांबवायचीही गरज नाही. उद्यापासून त्या मुलानं तुमचं मनगट धरलं की माठापाशी जा, पण झाकण लगेच उघडू नका. खाली बसा, तोंड त्याच्या तोंडासमोर आणा, "पाणी" म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. त्यानं डोळे वर केले, ओठ हलवले, नुसता "प" काढला तरी ताबडतोब पाणी द्या. काहीच केलं नाही तरी दहा झाल्यावर द्या, तहानलेलं ठेवायचं नाही. त्याचं बोट आपल्या हातात धरून माठाकडं करून दाखवा. दिवसातून जितक्या वेळा तहान लागेल तितक्या वेळा हेच. रोजचा क्रम एकच ठेवा: आधी प्रार्थना, मग खेळ, मग खिचडी. क्रम मोडायचा असेल त्या दिवशी त्याला आधी सांगा, कळत नाही असं वाटलं तरी सांगा. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द सोडून थांबत जा. आणि तो लाकडी बैल त्याच्याकडून हिसकावू नका. त्याच्याशेजारी बसून तुम्हीही चाक फिरवा, एक फेरी त्याची, एक तुमची. तुमची पाळी आल्यावर तो थांबला, तुमच्या हाताकडं बघत राहिला, तर त्या दिवशी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

मुलीच्या आईकडं आधी जा, आजी आठवडाभरानं आपोआप नरम होईल. चिठ्ठी फोटोमागून काढायला तिला लाज वाटत असेल, भीतीही असेल. ती हरवली किंवा तेलकट झाली असली तरी अडत नाही, पथकाच्या नोंदवहीत नाव आहे, दुसरी मिळते. तिला एवढंच विचारा, वेचणी लागायच्या आत कोणता वार जमेल. वार ठरला की मला दोन ओळी लिहा.